इकोचं आमंत्रण

आमच्या घराण्यात दोन गोष्टींना कोणी आजार मानत नाही, एक राग आणि दुसरी धाप. राग माझ्या वाट्याला भरपूर आला, धाप धाकट्या भावाच्या. तो मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. दोन वर्षं तो जिना चढताना मध्येच थांबायचा आणि आम्ही त्याच्या पोटाकडे बोट दाखवून हसायचो. तोही हसायचा. मग एका दुपारी ट्रक भरून घेताना तो उभ्याचा आडवा झाला. मिनिटभराने डोळे उघडले तेव्हा पहिला प्रश्न त्याने विचारला म्हणे, "गाडी सुटली का?"

गाडी सुटली होती. त्यालाही मग दुसऱ्या गाडीत घालून भिवंडीला आणला. मी शहरातच राहते, इथल्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दवाखान्यात आधी मीच पोचले. हृदयाच्या डॉक्टर बाई भिवंडीतल्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. बोलणं एकदम मोकळं. त्यांनी ईसीजीची पट्टी पाहिली, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको केला आणि मला आत बोलावून स्वतःची मूठ आवळून दाखवली.

"हृदय म्हणजे स्नायूच. तुमच्या भावाच्या हृदयाची भिंत जाड झालीय. भिंत जाड झाली की आतली खोली लहान होते. रक्त मावायला जागा कमी, म्हणून धाप. आणि अशा स्नायूचा ठोका कधी कधी एकदम बिघडतो, म्हणून तो पडला."

"पण तो तर कबड्डी खेळलेला आहे," मी म्हटलं. "व्यायामाने झालं असेल."

"व्यायामाने नाही झालं. हे घरातून आलंय. आई किंवा वडील, कुणातरी एकाकडून येतं. ज्याच्याकडे ते आहे त्याच्या प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, फरक नाही."

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि आमचं घराणं काढायला बसल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आईकडचं आधी झालं, तिथे सगळे नव्वदीपर्यंत भांडत जगलेले. वडिलांचं विचारलं. मी सांगितलं, मे महिन्यात बांधावरून चालता चालता गेले, बेचाळीसचे होते, ऊन लागलं. त्यांनी भुवया उंचावल्या, लिहून घेतलं.

"वडिलांची भावंडं किती?"

"बाबा धरून तीन भाऊ," मी सांगितलं. "मोठे काका आहेत अजून. धाकटे काका खाडीत बुडाले, लग्नाआधीच."

"पोहता येत नव्हतं?"

"पोहता? ते गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचे."

बाईंनी पेन थांबवलं. धाकट्या काकांच्या चौकोनापुढे प्रश्नचिन्ह काढलं. इतकी वर्षं आम्ही एकाचा दोष उन्हाला दिला आणि दुसऱ्याचा खाडीला, आणि दोघंही बहुधा निर्दोष होते.

भावाच्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. ठोका बिघडला तर ते आतल्या आत झटका देऊन सुरळीत करतं. आठ दिवसांत तो गावभर शर्टाचं बटण काढून ते यंत्र दाखवत फिरू लागला, बायकोने शेवटी शर्टाला सेफ्टी पिना लावल्या. त्याच्या रक्ताची तपासणी झाली आणि नेमका दोष कुठे आहे ते सापडलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता बाकीच्यांच्या रक्तात तेवढं एकच शोधायचं. काम सोपं झालं. रक्ताच्या नात्यातले सगळे घेऊन या.

आमच्या भावकीत कुठलीही यादी मोठे काका करतात. हळद असो, सत्यनारायण असो की दहावा, काका वहीतलं पान फाडतात आणि नाकावर चष्मा चढवतात. याचीही यादी त्यांनीच केली, आणि हळदीची करतात तशीच केली. ठरलेल्या दिवशी दवाखान्यासमोर एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि दोन मोटारी लागल्या. तेवीस माणसं उतरली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. मोठ्या काकूंनी चिवड्याचा डबा आणला होता, कारण तिकडे किती वेळ लागेल सांगता येत नाही. काउंटरवरच्या मुलीने मला हळूच विचारलं, "मॅडम, शादी है क्या?"

मग यादी वाचायला सुरुवात झाली. पहिले काका. दुसरे त्यांचे मोठे चिरंजीव. तिसऱ्या काकू. चौथी माझी वहिनी, भावाची बायको. मग चुलतभाऊ, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. तेविसावं नाव झालं आणि कागद संपला. माझं नाव आलंच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या उशाशी मी बसले, यंत्र बसवायच्या कागदावर सही मी केली, चौकोन आणि गोल मी सांगितले, आणि यादीत माझी वहिनी!

"काका, माझं नाव कुठाय?"

"तुझं कशाला गो?" काका शांतपणे म्हणाले. "तू आता त्यांच्याकडची. तुझं तुझ्या सासरचे बघतील."

"आणि काकू?"

"ती घरची."

"काकूंचा जन्म पडघ्याचा आहे!"

"म्हणून काय झालं? चाळीस वर्सं घरची हाय."

माझा आवाज एवढा चढला की डॉक्टर बाई बाहेर आल्या. त्यांनी यादी घेतली, प्रत्येक नावापुढे नातं विचारलं आणि पेन्सिलीने एकेका सुनेवर रेघ मारत गेल्या. काकू कासावीस झाल्या. इतकी नटून आले, आता काय तशीच परत जाऊ? शेवटी हट्टाने त्यांनी आपला इको करून घेतलाच, आणि हृदय उत्तम निघालं. ते त्या अजून प्रत्येक लग्नात सांगतात.

"सगळ्या सुना आणल्यात," डॉक्टर बाई म्हणाल्या. "मुली कुठे आहेत?"

"दिल्या," काका म्हणाले.

"दिल्या म्हणजे? देताना रक्त काढून ठेवून घेतलं का, काका?"

सगळा कॉरिडॉर हसला, काकाही हसले. मी तर विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत होते. तेवढ्यात बाईंनी फाइलमधून तो चौकोन-गोलांचा कागद काढला आणि माझ्याकडे वळल्या.

"आता तुम्हाला विचारते. तुमच्या वडिलांच्या ओळीत एकही गोल नाही. त्यांना बहीण नव्हती?"

बहीण होती, म्हणजे आहे. माझी आत्या, चौघांत सगळ्यात धाकटी, खारबावला दिलेली. माझ्या दोन वेण्या तिने घातल्या, पहिली बाराखडी तिने गिरवून घेतली. बाईंनी भाऊ किती असं विचारलंच नव्हतं, भावंडं किती असं विचारलं होतं. आणि मी, आत्ता सगळ्यांसमोर तांडव करणारी मी, बिनदिक्कत 'तीन भाऊ' म्हणून मोकळी झाले होते. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

यामागे एक भानगड होती, आणि तीही माझीच. आमच्याकडे हळदीला आत्याला बोलवायचं तर घरातल्या दोघांनी तिच्या दारात जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडाने आमंत्रण द्यायचं. तीन वर्षांपूर्वी भावाच्या लग्नात हे काम माझ्याकडे होतं. शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपरांचे गठ्ठे पडले होते. मी मोबाईलवर कार्ड पाठवून दिलं. त्यात सनई वाजत होती आणि एक घोडा नाचत होता. आत्या आली नाही. मलाही राग आला, एवढी कसली मिजास म्हणून. मग तिने फोन केला नाही, मीही केला नाही, भावानेही नाही. आमचा राग मी आधी सांगितलाच आहे.

"आत्यांच्या पोरीचं सांगा ना यांना," मागून वहिनी म्हणाली. "ती कबड्डी खेळते. मागच्या महिन्यात सरावात चक्कर येऊन पडली म्हणत होते. आता जिल्ह्याच्या संघाच्या निवडीला चाललीय."

डॉक्टर बाईंचा चेहरा बदलला. "वय?"

"एकोणीस."

"निवड कधी?"

"दीड महिन्याने."

"आजपासून तिला मैदानात उतरू देऊ नका," त्या म्हणाल्या. "आधी आईला आणि तिला माझ्याकडे आणा. आत्ता फोन करा."

मी फोन केला. आत्याने नाव पाहिलं असणार, कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. मी माझी रक्ताची बाटली भरून दिली आणि तिथूनच रिक्षा केली.

आत्या ओटीवर सुकट निवडत होती. मला पाहून उठली नाही, पण पाणी दिलं, चहाही ठेवला. तिची लेक मागच्या दाराने आली, गुडघे खरचटलेले, नुकतीच सरावावरून आलेली. मी एका दमात सगळं सांगितलं. भाऊ, भिंत, यंत्र, बाबा, धाकटे काका, निम्मी शक्यता.

"ताई, मी ठणठणीत हाय," पोरगी म्हणाली. "त्या दिवशी उपाशी गेलेली म्हणून चक्कर आली. निवड झाली की बघू."

"निवड झाल्यावर न्हाय," मी तिच्यावर ओरडले. "त्याच्या आधी!"

आत्याने सूप खाली ठेवलं. ती चिडलेली नव्हती, हेच मला जास्त लागलं. "जमिनीच्या हक्कसोडीवर माझी सही पायजे व्हती, तवा गाडी दारात आलेली. हळदीला घोडा आला मोबाईलवर. आज काय आणलंस?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. "आत्या, माझं चुकलं," मी म्हटलं. "डॉक्टरने विचारलं तुझ्या बापाची भावंडं किती, तर मी बाबांना धरून तीन सांगितली."

ती म्हणाली, "चार."

"हो. चार."

"मग जा, डॉक्टरला सांग चार. आणि मला बोलवायचं तर रीतीनं बोलाव."

मला रडू आलं आणि हसूही आलं. लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि ही रीत काढून बसलीय! पण मला तिच्या जागी स्वतःला बघता येत होतं. सकाळीच मी एका यादीवरून अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊ गेलो. ताटात कुंकू, हळद, रंगवलेल्या अक्षता, सुपारी, नारळ. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, सेफ्टी पिनांसकट. आत्या दारात पाट मांडून तयारच होती, म्हणजे येणार हे तिला ठाऊक होतं. मी कुंकू लावलं. भावाने तिच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि घसा खाकरला.

"आत्या, येत्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, भिवंडी मुक्कामी, आपल्या इकोला सहकुटुंब सहपरिवार यायचं."

"ऐकू न्हाय आलं," आत्या म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. शेजारणीने खिडकीतून विचारलं, "कोनाचं लगीन गो?" आत्या म्हणाली, "लगीन न्हाय, तपासनी हाय. माहेरची." आणि 'माहेरची' या शब्दावर तिने इतका जोर दिला की भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मी ताटाकडे.

मंगळवारी ती आली ती हिरवी पैठणी, गळ्यात सोनं आणि केसांत अबोलीचा गजरा घालून. इकोवाल्या मुलीने एकेक दागिना उतरवायला सांगितला आणि भाऊ रुमाल पसरून तो सगळा ऐवज मांडीवर घेऊन बसला. डॉक्टर बाईंनी आधी कागद काढला, आत्यासमोर वडिलांच्या ओळीत एक गोल काढला आणि विचारलं, "बरोबर?" आत्याने मान हलवली. मग ती कुशीवर झोपली आणि पडद्यावर तिचं हृदय दिसू लागलं.

"ह्ये माझं?" ती म्हणाली. "एवढं हलतंय सारखं? जरा तरी बसावं मेल्यानं."

भिंत थोडी जाड होती, फार नाही. लेकीची भिंत अगदी साफ होती. मी टाळीच वाजवणार होते, पण डॉक्टर बाईंनी हात वर केला. या वयात इको साफ असूनही रक्तात दोष असू शकतो, जाडी पुढे कधीतरी येते. रक्ताचा निकाल आल्यावरच खरं काय ते कळेल. तीन आठवडे. तोवर खेळ बंद. आणि हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्या म्हणाल्या, चक्कर कदाचित त्याचीच असेल, पण 'कदाचित'वर मी कुणाला मैदानात पाठवत नाही.

ते तीन आठवडे पोरीने मला सुखाने जगू दिलं नाही. रोज सकाळी मैदानाच्या कडेला बसून ती मला संदेश पाठवायची. आज अमुकने माझ्या जागी चढाई केली. आज प्रशिक्षक माझ्याशी बोलले नाहीत. ताई, तुम्ही माझं वाटोळं केलंत. मी उत्तर द्यायची, पालक खाल्लास का? आत्या तिला पालक, खजूर, गूळ-शेंगदाणे असं काय काय कोंबत होती. रोज रात्री आठला भाऊ आत्याला फोन करायचा. विषय एकच, पोरगी जेवली का. पण तीन वर्षांचं बोलणं तेवढ्यात भागवून घेत होते दोघं.

माझा निकाल आधी आला, साफ. काकांचाही साफ. एका चुलतभावाबद्दल आधी शंका होती, तीही फिटली. पण मला आनंद करवत नव्हता. बारा वर्षं मी मुलांना संभाव्यता शिकवली, नाणं उडवा, छापा किंवा काटा, एक छेद दोन. तो अपूर्णांक एवढा जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. जी माणसं बाबांना आणि धाकट्या काकांना गमावून बसली, त्यांच्यावर पुन्हा तेच नाणं उडालं होतं, आणि मध्ये एकोणीस वर्षांची मुलगी होती.

निकालाच्या दिवशी आम्ही पाच जण होतो. आत्या, तिची लेक, भाऊ, मी आणि काका. काकांना कोणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले आणि कोपऱ्यात बसले. डॉक्टर बाईंनी आधी आत्याकडे पाहिलं.

"तुमच्या रक्तात तो दोष आहे. भाच्यासारखाच. गोळी रोज घ्यायची, दरवर्षी तपासायचं. घाबरायचं कारण नाही."

आत्याने मान हलवली. ती स्वतःचं ऐकतच नव्हती. "आणि पोरीचं?"

"तिच्यात नाही. तुमच्याकडून तिच्याकडे गेलाच नाही. आणि तिच्यात नाही म्हणजे पुढे तिच्या मुलांनाही तिच्याकडून जाणार नाही. रक्त वाढलंय, खाणं असंच चालू ठेव. उद्यापासून खेळ."

पोरगी उठली, बसली, पुन्हा उठली आणि मलाच मिठी मारून माझ्या खांद्यावर रडायला लागली. भाऊ डोळे पुसत हसत होता. आत्या मात्र बाईंच्या टेबलाकडे सरकून बसली, नीट समजून घ्यायला.

"म्हंजे ह्ये माझ्या बापाकडनं मला आलं?"

"हो. किंवा आईकडून. पण तुमच्या घरातूनच."

"आणि माझ्यापाशीच राहिलं?"

"तुमच्यापाशीच राहिलं."

आत्या हसली, अगदी मोकळं, दात दाखवून. मग तिने कोपऱ्यातल्या काकांकडे पाहिलं. "दादा, बाकी सगलं मी सही करून दिलं तुमाला. ह्ये एवढं राहिलंय बापाच्या घरचं. ह्ये न्हाय देत कोनाला. मीच ठेवते."

काकांनी चष्मा काढला आणि पुसला. मग उठून आले, धाकट्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

निवडीच्या दिवशी आम्ही सगळे मैदानावर होतो. पहिल्या चढाईला पोरगी सरळ पकडली गेली. तीन आठवडे बसून राहिलेलं अंग, दुसरं काय होणार? दुसऱ्या चढाईला ती दोघींना स्पर्श करून रेषेपर्यंत लोळत आली. धुळीने माखलेली, धापा टाकत ती थेट आत्यासमोर येऊन उभी राहिली, कारण तपासणीपासून तिला प्रत्येक वेळी आपण ठीक आहोत हे आईला दाखवून जायची सवय लागली होती. आत्याने तिच्या छातीवर तळवा ठेवला. आत काय चाललं असेल ते मला बाहेरून दिसत होतं, पोरीचा सगळा खांदा उडत होता.

"केवढं पळतंय," आत्या म्हणाली.

"थांबू का जरा?" पोरीने विचारलं.

"का म्हून?" आत्याने तिला खांद्याला धरून वळवलं आणि मैदानाकडे ढकललं. "पळू दे त्याला."